क्रोमाच्या पडद्यापुढे उभं राहिलं की केस का वितळतात? (छोटी खोली, व्हर्च्युअल सेट, भूगोलाचा तास)

कृष्णाकाठ (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:४८

नमस्कार मंडळी. कराडला आमचा छोटा क्लास आहे, आठवी ते दहावी. यंदा भूगोलाचे व्हिडिओ करायचं घेतलंय. डोक्यात चित्र असं होतं की मॅडम मध्ये उभ्या, मागे सह्याद्रीची रांग, बोट दाखवलं की घाटमाथा मोठा होतो, पायाशी दख्खनचे बेसाल्टचे थर. म्हणून माडीवरच्या १० बाय १४ च्या खोलीत क्रोमाचा हिरवा पडदा लावला, म्हणजे संगणकात हिरवा काढून मागे हवं ते चित्र (व्हर्च्युअल सेट) ठेवता येतं.

झालं असं की मॅडमचे केस कडेने वितळल्यासारखे दिसतात. गाल आणि हनुवटीखालचा भाग कावीळ झाल्यागत हिरवट. कापडाच्या प्रत्येक सुरकुतीचं भूत मागच्या डोंगरात दिसतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मॅडम सेटवर उभ्या वाटतच नाहीत, तरंगतात. मुलांनी आत्ताच 'भूताळ मॅडम' नाव ठेवलंय.

सामान: मांडववाल्याकडून आणलेलं पोपटी साटीन, चार एलईडी ट्यूब, लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राचे दोन सॉफ्टबॉक्स, आणि माझा फोन. संगणकावर दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती. त्यातल्या डेल्टा कीअरचे (हिरवा कापणारं साधन) सगळे स्लायडर फिरवून झाले. कुठला स्लायडर राहिला ते सांगा.

---

तिरपागडा | रविवार, रात्री ११:०५

स्लायडर नाही राहिला. पडदा काढायचा राहिलाय.

भिंत स्वच्छ करा, महाराष्ट्राचा प्राकृतिक नकाशा लावा, हातात छडी द्या. आम्ही त्यावरच शिकलो आणि कोयना कुठे उगम पावते ते अजून सांगू शकतो.

---

पीसीआरवाला बाबा | रविवार, रात्री ११:३१

तिरपागडा, थांब जरा, पोराला अजून एक संधी देऊ.

कृष्णाकाठ, मी अकरा वर्षं बातम्यांच्या वाहिनीत कंट्रोल रूममध्ये काढली, त्यातली बरीच क्रोमाच्या फ्लोअरवर. एक गोष्ट आधी गळ्याखाली उतरव: 'की' (हिरवा कापून माणूस सुटा करणं) चांगली येते ती खोलीत. संगणकात फक्त ती वाचवता येते, किंवा आणखी बिघडवता येते.

साटीन उद्या परत कर. ते चमकतं. चमकलं की उजेडाचा पांढरा पट्टा पडतो आणि तो पट्टा कीअरसाठी हिरवा राहतच नाही. जाड मांजरपाट घे, हिरवा रंगवून मिळतो. किंवा ताणला जाणारा होजिअरीचा कपडा, त्याला चारी बाजूंनी चिमटे लावून ढोलकीसारखा ताण. इस्त्री करायचा कंटाळा करू नकोस.

आता अंतर सांग. मॅडम पडद्यापासून किती फुटांवर उभ्या असतात?

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ७:१२

बाबा, दीड फूट. खोली लहान म्हणून चिकटूनच उभं करतो. आणि ट्यूबा सगळ्या मॅडमच्या डोक्यावर आहेत, त्यांचाच उजेड मागे पडद्यावर जातो.

---

पीसीआरवाला बाबा | सोमवार, सकाळी ९:४०

मग कावीळ होणारच. दीड फुटावरचा हिरवा पडदा म्हणजे हिरवा दिवाच. तो मागून गालावर, मानेवर, केसांवर हिरवा उजेड फेकतो. याला स्पिल म्हणतात. अंतर वाढवलं की तो भराभर उतरतो. निदान पाच फूट सोड, सहा मिळाले तर देव पावला.

मग उजेडाचे दोन वेगळे संसार कर. दोन ट्यूबा पडद्यासाठी, डावीकडून आणि उजवीकडून, उभ्या. मॅडमच्या सॉफ्टबॉक्सचा उजेड पडद्यावर जाऊ द्यायचा नाही, मधे काळं पुठ्ठं धर. पडद्याला जास्त उजळवायचा मोह होतो, तो टाळ. चेहऱ्याच्या बरोबरीने किंवा जरासा कमी. रिझॉल्व्हमध्ये वेव्हफॉर्म (उजेडाचा आलेख) उघडून बघ, पडदा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास एका सपाट रेषेत आला पाहिजे. रेष जत्रेतल्या पाळण्यासारखी वरखाली असेल तर उजेड एकसारखा नाही.

तिसरा दिवा मागून, वरून, मॅडमच्या खांद्यावर आणि केसांवर. त्याने कडा सुटून येते. आमचे लाइटवाले दादा त्या दिव्यावर फिकट गुलाबीसर जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावायचे, हिरव्याचा उतारा म्हणून.

---

सौ. कोरांटी | सोमवार, दुपारी २:०३

माझा मुलगा असेच व्हिडिओ करतो म्हणून वाचतेय. एक बावळट प्रश्न. मागे सह्याद्री लावणार, तोही पावसाळ्यातला, म्हणजे हिरवागार. मग तो पण नाही का गायब होणार?

---

गच्चीवरून | सोमवार, दुपारी ३:२०

ताई, बावळट अजिबात नाही, माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतंच. नाही होणार. संगणक फक्त पुढच्या चित्रातला, म्हणजे मॅडमच्या शूटिंगमधला हिरवा कापतो. कापून झाल्यावर मागे डोंगर ठेवतो. डोंगराला कात्री लागतच नाही.

पण कात्री चालते कशी ते कळलं की निम्मे गोंधळ मिटतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा अशा तीन मात्रा असतात. संगणक विचारतो, यातला हिरवा बाकीच्या दोघांपेक्षा किती जास्त आहे? पडद्यावर हा फरक मोठा, म्हणून तो भाग पारदर्शक. चेहऱ्यावर लाल जास्त, म्हणून चेहरा ठाम. केसांच्या कडेला दोन्ही मिसळलेलं, म्हणून अर्धं पारदर्शक. ही फरकाची युक्ती पेट्रो व्लाहोस यांची, फिल्मच्या जमान्यातली. आजचे बहुतेक कीअर तिच्याच वंशातले.

स्पिल काढणंही त्याच हिशेबाने होतं. हिरव्याची मात्रा लाल आणि निळ्याच्या सरासरीवर आणून थांबवायची. हनुवटीखालचा हिरवट रंग जातो. पण पिवळ्या रंगाची यात वाट लागते, कारण संगणकासाठी पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. आमच्याकडे एका कार्यक्रमात पाहुण्यांनी हळदीच्या रंगाचं उपरणं घेतलं होतं. स्पिल काढलं आणि उपरणं भगवं झालं. पाहुणे खूश झाले, निर्माता नाही.

---

तिरपागडा | सोमवार, दुपारी ३:४४

म्हणजे क्रोमालाही राजकारण कळतं.

---

अळूवडी_न्यूजर्सी | सोमवार, रात्री ११:५८

२०२० च्या गणपतीत आमच्या मंडळाने घरोघरी शूट करून नाटुकलं केलं होतं. सहा घरं, सहा हिरव्या चादरी, मागे एकच वाड्याचा व्हर्च्युअल सेट. चादर कुणाची पोपटी, कुणाची बाटलीच्या रंगाची, तेही निभावलं. निभावलं नाही ते उजेडाचं. सासूवर उजेड डावीकडून, सूनबाईंवर उजवीकडून, वाड्याच्या खिडकीतून तिसरीकडूनच. दोघी शेजारी उभ्या असून दोन गावांत असल्यासारख्या. आणि सासू ज्या दिशेला बघून ओरडते तिथे सून नाहीच, तिथे तुळशीवृंदावन!

तेव्हापासून आधी सेटचं चित्र निवडते. त्यात खिडकी कुठे, सावल्या कुठे पडल्यात ते बघून मगच दिवा लावते. कृष्णाकाठ, तुमच्या सह्याद्रीच्या चित्रात ऊन कुठल्या बाजूने आहे?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ६:५०

ऊन मागून, डावीकडून. आम्ही उजेड समोरून टाकतोय. हम्म.

साटीन परत केलं. मांजरपाट रंगवायला दिलाय. मॅडमना काल पाच फूट पुढे आणलं, ट्यूबा वेगळ्या केल्या. कावीळ ऐंशी टक्के गेली! पण केस अजून तसेच. कडेला चौकोनी चौकोनी दात दिसतात. खोबरेल तेल लावून येतात, त्यामुळे असेल का?

---

पीसीआरवाला बाबा | मंगळवार, सकाळी १०:१५

तेलाने केस चमकतात आणि चमकेवर पडद्याचा हिरवा उमटतो, हे खरं. चौकोनी दात मात्र तेलाचे नाहीत. फोनवरून संगणकावर क्लिप कशी आणतोस?

---

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी १०:१९

व्हॉट्सॲपवरून. क्लासच्याच ग्रुपवर टाकतो, तिथून उतरवतो.

---

पीसीआरवाला बाबा | मंगळवार, सकाळी १०:२२

अरे देवा.

---

गच्चीवरून | मंगळवार, सकाळी ११:०६

बाबा पाणी प्यायला गेले असतील, तोवर मी सांगतो.

फोन मुळातच रंगाची काटकसर करतो. उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांत मिळून एक. याला ४:२:० म्हणतात. डोळ्याला फरक कळत नाही, पण कीअर जगतो तो रंगावर. म्हणजे केसाची कड त्याला आधीच चौपट जाड्या ठिपक्यांत दिसते. त्यावर तू ती क्लिप व्हॉट्सॲपच्या गिरणीतून काढतोस, तिथे उरलंसुरलं पीठ होतं. केबल लाव आणि मूळ फाइल घे. आज फक्त एवढंच कर.

मग फोनमध्ये जमत असेल तर धार वाढवणारं शार्पनिंग कमी कर, त्याने कडेला पांढरी रेघ उठते. आपोआप बदलणारं एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स बंद कर, नाहीतर मॅडमनी हात हलवला की पडद्याचा हिरवा बदलतो. आणि वेग २५ फ्रेम, शटर १/५० किंवा १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. फोन ३० फ्रेम आणि १/६० वर असला तर स्वस्त ट्यूबांच्या उजेडात पट्टे सरकताना दिसतात, आणि पडद्यावरचा सरकता पट्टा म्हणजे कीअरचा शत्रू. हात फार फिरत असतील तर १/१००, बोटं कमी फरफटतात.

मित्राचा कॅमेरा मिळाला तर फारच उत्तम. बहुतेक डिजिटल सेन्सरवर हिरवे टिपणारे ठिपके लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून हिरव्यात दाणे (चित्रातली खरखर) कमी. पडदा हिरवा का, याचं निम्मं उत्तर हे.

---

वखारीतला पेंटर | मंगळवार, दुपारी ४:३०

आणि उरलेलं निम्मं: आधी तो निळाच होता. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर यांनी निळा पडदा वापरला आणि त्या चित्रपटाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. माणसाच्या कातडीत निळा सगळ्यात कमी, म्हणून निळा. डिजिटल आल्यावर हिरव्याने बाजी मारली.

मी पडदे रंगवणाऱ्यांच्या घरातला. आजोबा नाटक कंपन्यांचे गुंडाळी पडदे रंगवायचे: महाल, रस्ता, जंगल. आमच्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी सिनेमाच्या आधी असलेच पडदे रंगवले. आजोबांचा एक नियम होता, तो तुमच्या तरंगत्या मॅडमना लागू पडेल. पडद्यावरची क्षितिजरेषा कुठे, हे प्रेक्षकाच्या डोळ्याच्या उंचीवरून ठरायचं. इथे प्रेक्षकाचा डोळा म्हणजे तुमचा कॅमेरा.

समजा कॅमेरा जमिनीपासून साडेचार फुटांवर सरळ धरलाय. मग सपाट जमिनीवर उभं असलेल्या प्रत्येकाला क्षितिज साडेचार फुटांवरच कापणार, म्हणजे मॅडमच्या खांद्याच्या आसपास. आता तुमच्या सेटच्या चित्रात फरशीच्या रेघा लांबवत न्या, जिथे भेटतील ती त्या चित्राची क्षितिजरेषा. ती मॅडमच्या कमरेशी आली तर त्या राक्षसीण, डोक्यावरून गेली तर बाहुली. बहुतेक विकतचे सेट कुठल्या उंचीवरून केलेत ते सांगतच नाहीत. लोक चित्र खालीवर सरकवत बसतात. कॅमेरा सरकवा हो!

दुसरं, पायाची सावली. तळव्याला चिकटलेली बारीक काळी सावली नसली की माणूस उचलल्यासारखा दिसतो. पूर्ण माणूस दाखवायचा असेल तर जमीनही हिरवी हवी आणि सावली ठेवून की काढावी लागते, नाहीतर हाताने रंगवावी लागते. कमरेपासून वर दाखवलंत तर हा सगळा व्याप वाचतो.

---

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:२७

केबल लावली. केस परत आले!! एकेक बट दिसते. मी दोन आठवडे स्लायडर फिरवत होतो आणि दुखणं व्हॉट्सॲपचं.

पेंटरकाका, कॅमेरा खाली घेतल्यावर तरंगणंही बरंच गेलं. पण थर दाखवायचे म्हणून पूर्ण मॅडम हव्यात, आणि खोलीत त्या मावत नाहीत. मित्राचा कॅमेरा आलाय, क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा), लेन्स ३५ आणि २४ मिमी.

---

गच्चीवरून | मंगळवार, रात्री १०:५१

गणित करू. खोली १४ फूट. पडदा ते मॅडम ५, राहिले ९, त्यात तिपाई आणि तुझं पोट दोन फूट. म्हणजे कॅमेरा ते मॅडम ७ फूट. ३५ च्या लेन्सने ७ फुटांवर साधारण पावणेपाच फूट रुंद आणि अडीच फुटांच्या थोडी वर उंच चौकट मिळते. कमरेपासून वरचा भाग झकास. पडद्यापाशी, १२ फुटांवर, तीच चौकट आठ फूट रुंद होते, म्हणजे कापड आठ फूट हवं.

पूर्ण माणसाला डोक्यावर जागा धरून ७ फूट उंची हवी. ३५ ने त्यासाठी साडेअठरा फूट मागे जावं लागेल, म्हणजे जिन्यावरून खाली. २४ ने सुद्धा पावणेतेरा. पण तुला मागची रुंदी हवीच कशाला? मागचं सगळं खोटं आहे! कॅमेरा आडवा पाडून उभी चौकट घे. मग २४ च्या लेन्सने सात फुटांच्या किंचित पुढे पूर्ण माणूस मावतो, रुंदी जवळजवळ चार फूट. हात पसरायचे नाहीत, एवढंच. वर छत दिसेल, ते मॅटने (हाताने आखलेल्या हद्दीने) कापून टाक. हिरवं फक्त माणसाच्या मागे असलं की पुरे.

---

पीसीआरवाला बाबा | मंगळवार, रात्री ११:१०

वा! ही युक्ती मला नोकरीत असताना कुणी सांगायला हवी होती.

आणि कृष्णाकाठ, शूटिंग सुरू झालं की कॅमेरा हलवायचा नाही. आमच्याकडे हलायचा, कारण छतावर चमकणाऱ्या टिकल्या चिकटवलेल्या असायच्या आणि मुख्य कॅमेऱ्यावरचा छोटा कॅमेरा वर बघून आपण कुठे आहोत ते संगणकाला कळवायचा. तरी निवडणुकीच्या रात्री एकदा कुणीतरी झाडलोट करताना दोन टिकल्या पाडल्या आणि सगळी विधानसभा डावीकडे कलली.

पुढेमागे लाइव्ह तास घेणार असाल तर आणखी एक. चित्र कापून, सेट चढवून बाहेर यायला तीनचार फ्रेम लागतात. आवाज मात्र थेट येतो. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे आवाज १२० ते १६० मिलिसेकंद आधी पोचतो. ओबीएसमध्ये (लाइव्ह प्रसारणाचं सॉफ्टवेअर) आवाजाच्या सिंक ऑफसेटमध्ये तेवढा उशीर घाल. टाळी वाजवून तपास.

---

सौ. कोरांटी | बुधवार, सकाळी ८:१५

मुलगा म्हणतो हे सगळं जुनं झालं, आता मोठ्या एलईडी भिंती असतात, पडदाबिडदा नाही.

---

पीसीआरवाला बाबा | बुधवार, सकाळी ९:०२

बरोबर म्हणतो. २०१९ च्या 'द मँडलोरियन' मालिकेसाठी २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाच्या पाऊण वर्तुळाची एलईडी भिंत उभारली होती. नायकाचं चिलखत आरशासारखं, त्यात हिरवा पडदा दिसला असता. भिंतीवरचं खरं चित्र दिसलं तर उलट फायदाच. कराडच्या माडीवर तिचं लहान रूप म्हणजे मागे ठेवलेला मोठा टीव्ही. हसू नका, नुसता नकाशा दाखवायचा असेल तर मी तोच सुचवेन. फोकस टीव्हीवर नेऊ नका, नाहीतर जाळी दिसते.

---

तिरपागडा | बुधवार, सकाळी ९:३०

टीव्हीवर नकाशा आणि हातात छडी. मी पहिल्याच दिवशी हे म्हणालो होतो.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ८:४०

मांजरपाट आला, इस्त्री झाली, पहिला तास शूट झाला. निम्मा तास टीव्हीपुढे (तिरपागडा, जिंकलास), आणि थरांचा भाग पूर्ण उभ्या चौकटीत, क्रोमावर. उजेड मागून डावीकडून. मॅडम कातळावर उभ्या वाटतात.

एकच घोटाळा. मॅडमचं लग्न गेल्या महिन्यात झालंय. हातात हिरवा चुडा. मनगट ते पंजा मधे दोन इंच आरपार डोंगर दिसतो, पंजा हवेत. उतरवायचं म्हणालो तर मॅडम काही बोलल्या नाहीत, पण स्टाफरूममधल्या सगळ्याजणी बोलल्या.

---

अळूवडी_न्यूजर्सी | शुक्रवार, रात्री ९:०५

शोभलं! चुडा उतरवायला सांगितलंत?!

---

वखारीतला पेंटर | शुक्रवार, रात्री ९:२२

मनगटाभोवती मॅट काढून दर फ्रेमला हलवत बसलात तर दिवाळी येईल. पडदा निळा करा. नाहीतरी मूळचा तोच.

---

गच्चीवरून | शुक्रवार, रात्री ९:४८

निळाच. फक्त निळ्याला उजेड जास्त लागतो आणि त्यात दाणे लवकर दिसतात, तेव्हा पडद्याच्या दोन ट्यूबांच्या चार कर. आणि मॅडमना आधीच सांग, त्या दिवशी मोरपंखी साडी नको.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री १०:०१

आजच मोरपंखी नेसल्या होत्या. मांजरपाट परत रंगवायला टाकतो. रंगवणारा विचारतोय, क्लास आहे की मांडव?